अर्धा सूर खाली

इंजिन बंद पडलं तेव्हा विमान इंदूमावशींच्या कुरडयांच्या बरोबर वर होतं.

क्षणापूर्वी कसा गोड आवाज येत होता, आणि मग एकदम काहीच नाही. मनोहरभाऊजी हातातल्या रेडिओच्या डब्याच्या दोन्ही कांड्या जीव खाऊन ओढत होते. त्यांचं ते तांबडं-पिवळं विमान मात्र पंख जरासे डोलवत, पाहुण्यानं सोप्यात येऊन टेकावं तसं, अगदी सभ्यपणे मावशींच्या अंगणातल्या बाजेवर टेकलं. बाजेवर जुनं धोतर अंथरलेलं होतं आणि धोतरावर कुरडया.

"मेल्या, तुझं गिधाड आलंय बघ इथं!" मावशी आतून ओरडत आल्या.

"मावशी, गिधाड नाही, विमान आहे," मी कुंपणावरून म्हटलं.

"मग त्या विमानाला सांग, तीन दिवस गहू भिजवलाय मी. चीक ढवळून ढवळून खांदा उतरलाय माझा. आणि हा वास कसला गं? एरंडेल? माझ्या कुरडयांना एरंडेल?"

भाऊजींचा डावा कान कारखान्यातल्या पत्रा ठोकायच्या खात्यात वीस वर्षांत कामातून गेला होता आणि उजवाही त्याच वाटेवर होता. ते धापा टाकत आले. "काय म्हणतात मावशी?"

"कौतुक करतायत," मी म्हटलं.

"आभारी आहे, मावशी!" भाऊजींनी हात जोडले. मावशींनी त्यांच्याकडे असं काही बघितलं की मला पदर तोंडाला लावावा लागला.

पण हसण्यासारखं काही नव्हतं. तो दिवस चैत्र शुद्ध षष्ठीचा. रामनवमीला तीन दिवस राहिले होते, विमान चौथ्यांदा पडलं होतं, आणि शब्द मी दिला होता.

तो शब्द असा. आमच्या बोरगावच्या राममंदिरात पाडव्यापासून नवमीपर्यंत केशवबुवा नेर्लेकरांचं कीर्तन असे, आणि पेटीच्या साथीला मी. लग्न होऊन आल्यापासून वीस वर्षं. देवाच्या दयेनं मला दुसरं काही फारसं येत नाही, पण सूर कळतो. आणि बुवांच्या कीर्तनात मला जेवढा देव भेटला तेवढा गाभाऱ्यातही भेटला नाही, हे मी देवाला सांगून टाकलेलं आहे. नवमीला दुपारी बाराला बुवा रामजन्माशी येत. देवांनी आकाशातून पुष्पवृष्टी केली, असं ते म्हणत, आणि मांडवाच्या कडेला शिडीवर बसलेला धोंडिबा गुरव फुलांची टोपली उपडी करी. आदल्या वर्षी फुलांबरोबर टोपलीही सुटली आणि बुवांच्या पगडीवर घट्ट बसली. बुवांनी पुढचा पाळणा तसाच म्हटला. जन्मसोहळ्यात खंड नको म्हणून कुणी टोपली काढायला पुढे झालं नाही.

कीर्तन संपल्यावर पगडी झटकत बुवा मला म्हणाले, "यमुताई, चाळीस वर्षं मी सांगतोय, फुलं आकाशातून आली. आणि चाळीस वर्षं ती येतायत धोंडिबाच्या काखेतून. एकदा तरी वरून, खरोखरीच्या वरून पडलेली फुलं या डोळ्यांनी बघायची होती. आता पुढचं वर्ष शेवटचं. गळा संपला. मग लेकीकडे, नगरला."

ते हसत म्हणाले, पण डोळे हसत नव्हते. आणि माझं तोंड माझ्या आधी बोललं, "बघाल, बुवा. पुढच्या वर्षी बघाल. मी शब्द देते."

घरी येऊन भाऊजींना सांगितलं. माझे हे धाकटे दीर. लग्न केलं नाही. सगळा जीव लाकडाच्या काड्या, रेशमी कागद आणि पुण्याहून मागवलेल्या इंजिनात. ते म्हणाले, "वहिनी, एवढंच ना? पोटाखाली पुठ्ठ्याचा खोका बसवतो, त्याला झडप. कांडी ओढली की झडप उघडेल. पाव किलो पाकळ्या. त्यावर एक पाकळी नको."

झडप झाली, खोका झाला. पंचांशी भांडून बुवांच्या डोक्यावर येणारं मांडवाचं मधलं कापड गुंडाळून ठेवायचंही ठरलं. फक्त इंजिन. जमिनीवर दहा दहा मिनिटं तंबोऱ्यासारखं चालायचं आणि वर गेलं की दीड मिनिटात गप्प.

"माणसांच्या डोक्यावर हे बंद पडलं तर?" पंच म्हणाले, आणि खोटं काय होतं त्यात? "अष्टमीच्या संध्याकाळी नदीच्या वाळूत पाच मिनिटं न थांबता उडवून दाखवा. नाहीतर धोंडिबा आणि टोपली."

"टोपली मी दोरीनं बांधीन या टायमाला," धोंडिबा म्हणाला. "टिटवीचं काय खरं न्हाई, वैनी." विमानाला तो टिटवी म्हणायचा.

सप्तमीला दुपारभर आम्ही दोघं मागच्या अंगणात बसलो. विमानाची शेपटी विहिरीच्या खांबाला बांधलेली. धोंडिबाही आला, देवळातली कामं सोडून आला होता, पण म्हणाला, सहज आलोय.

भाऊजींनी आधी इंजिनाच्या डोक्यावरचा प्लग बदलला. हा प्लग तापून लाल होतो आणि त्यावर इंजिन चालतं. मग टाकी काढली. टाकी म्हणजे एवढीशी प्लॅस्टिकची बाटली. तिच्यातली नळी पिळून, फुंकून, उन्हात धरून बघितली.

"नळीला भोक नाही. टाकीत फेस होत असेल, हादऱ्यानं." त्यांनी टाकीभोवती गादीतला फोम गुंडाळला.

"कुठल्या गादीतला?" मी विचारलं.

"काय?"

"कुठल्या गादीतला, म्हटलं!"

"दादाच्या."

ह्यांच्या गादीला उशाशी खड्डा का पडला होता ते तेव्हा कळलं.

मग तेल. स्पिरिटमध्ये एरंडेल मिसळून ते तेल भाऊजी घरीच करत. त्यांनी ते तलम फडक्यातून तीनदा गाळलं. धोंडिबा लांबून बघत होता. "मनोहरपंत, एवढं एरंडेल पाजल्यावर कुणी थांबतं व्हय? बिचाऱ्यानं पळत सुटाय पायजे."

भाऊजींना ऐकू आलं नाही. मला आलं.

"आता सुई लावू," भाऊजी म्हणाले. "वहिनी, या जवळ."

या सुईबद्दल सांगायला हवं. इंजिनाच्या कुशीत एक पितळी सुई असते. ती आत पिळली की तेल कमी जातं आणि आवाज चढत जातो. बाहेर काढली की तेल जास्त जातं, धूर येतो, आवाज उतरतो. कुठं थांबायचं ते कानानं ठरवायचं. भाऊजींना कान नव्हता, म्हणून पहिल्या दिवसापासून तो माझा होता. ते माझ्या हाताकडे बघत सुई फिरवायचे आणि मी बोटानं सांगायची: अजून, अजून.

इंजिन सुरू झालं. आधी भरडं, भर्र भर्र, पडशानं घसा बसलेल्या माणसासारखं. माझ्या अंगावर काटाच आला. मी बोट हलवलं. अजून आत. आवाज साफ होत गेला. अजून. पेटीवरच्या काळी तीनवरून हळूच सरकला, आणि एकदम लख्ख पांढरी पाच! एक तार लागावी तसा. मी मूठ वर केली. भाऊजींनी सुई सोडली.

"काय गोड लागलंय बघा," मी धोंडिबाला म्हटलं.

"गोड लागलं म्हणून का वर ऱ्हानार हाय?" धोंडिबा म्हणाला.

दहा मिनिटं चाललं. पुढं पंधरा. मी पांढरी पाचवर डोळे मिटून बसले होते. मग आम्ही विमान नदीवर नेलं, उडवलं, आणि ते बरोबर दीड मिनिटात बंद पडून पलीकडच्या डोहात म्हशींच्या मध्ये उतरलं. एका म्हशीनं ते हुंगलं आणि बाकीच्या बाजूला झाल्या.

"आमच्या खात्यात असाच एक साहेब होता," ओल्या लुंगीत विमान उराशी धरून येताना भाऊजी म्हणाले. "खाली असताना सगळं येत होतं त्याला. वर चढवला आणि काही सुचेना."

संध्याकाळी मी मीठ-मोहऱ्यांनी विमानाची दृष्ट काढली. भाऊजींचा यावर विश्वास नाही, पण त्यांनी टोपी काढून विमानाशेजारी स्वतःही बसून घेतलं.

अष्टमीला सकाळी दहाला नेहमीप्रमाणे कीर्तन. मी पेटी उघडून बसले होते, पण जीव थाऱ्यावर नव्हता. संध्याकाळी पंच वाळूत येणार. प्लग झाला, नळी झाली, फेस झाला, तेल झालं, दृष्टसुद्धा झाली. राहिलं काय? उद्या बुवा मान वर करतील आणि शिडीवर धोंडिबा दिसेल.

बुवांनी उपरणं सारखं केलं, झांज उचलली, आणि माझ्याकडे वाकून म्हणाले, "यमुताई, अर्धा सूर खाली."

हे ते रोज म्हणत. गेली पाच वर्षं, गळा थकल्यापासून. त्यांचा सूर काळी एक. पण नमन ते पांढरी एकवर सुरू करत, आणि तेही कसं! भरडं, खरखरीत, गंजलेलं दार ढकलल्यासारखं. नवीन माणसाला वाटे, म्हातारबुवा आज काही खरे नाहीत. अर्ध्या तासानं गळा तापला की ते माझ्याकडे एक बोट वर करत, मी काळी एकवर येई, आणि मग तो आवाज मांडवाच्या वर जाई. त्यातल्या पहिल्या वर्षी मी त्यांना विचारलं होतं, सुरुवातीलाच चांगला का लावत नाही? त्यावर ते म्हणाले होते, "गळा तापला की आपोआप वर सरकतो, बाई. मी आधीच वरच्या पायरीवर बसलो तर सरकू कुठं? मग फाटतो."

माझी बोटं पांढरी एकवर गेली. आणि तिथंच थांबली.

तबलजींनी माझ्याकडे बघितलं. बुवांनीही बघितलं. मी भाता हलवायला लागले, पण कानात इंजिन होतं. वर गेल्यावर त्याचा भार हलका होतो, पंखा मोकळा फिरतो, आवाज आपोआप चढतो. भाऊजींनीच सांगितलं होतं मला एकदा. आणि मी काय करत होते? जमिनीवरच त्याला वरच्या पायरीवर बसवत होते. थेंबभरही जास्त तेल नको, कारण ते भरडं वाजतं, कारण मला ते ऐकवत नाही. वर गेल्यावर त्याला तेल पुरत नव्हतं. तापून, घसा कोरडा पडून बंद पडत होतं बिचारं. दोष नळीत नव्हता. माझ्या कानात होता.

खरं सांगते, त्या दिवशी दोन तासांच्या कीर्तनातलं एक अक्षर माझ्या डोक्यात शिरलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी मनातल्या मनात म्हटलं, बुवा, आटपा आता. देवानं ऐकलं असणार. माफही केलं असावं.

कीर्तन संपलं तशी मी पेटी उघडीच टाकून घरी पळाले.

"भाऊजी! सुई बाहेर काढा!"

"किती?"

"आवाज बिघडेपर्यंत!"

त्यांनी मला खाली बसवलं आणि पाणी आणून दिलं. "वहिनी, ऊन लागलंय का?"

सगळं ओरडून समजावेपर्यंत माझाच घसा बसला. पण भाऊजी कारागीर माणूस. ऐकता ऐकता त्यांचे डोळे मोठे झाले. "अहो, पुस्तकात लिहिलंय की हे! थोडा धूर ठेवावा म्हणून. मला वाटलं, धूर ठेवलेला तुम्हाला पसंत नाही, तर तुमच्या कानाला पुस्तकापेक्षा जास्त कळत असेल."

संध्याकाळी वाळूत पंच आले, धोंडिबा आला, आणि नुकसानीचा उरलेला राग घेऊन इंदूमावशीही आल्या. इंजिन सुरू झालं. भाऊजींनी सुई बाहेर काढली. पांढरी पाच मोडली, काळी तीनवर आली, भर्र भर्र, निळा धूर. माझा हात आपोआप उठायला लागला, अजून आत म्हणायला. मी तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

"आता तर खोकला झाला टिटवीला," धोंडिबा म्हणाला.

"धोंडिबा, तोंड मिट," इंदूमावशी म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटून हात जोडले होते. कुणासाठी ते त्यांनी नंतर कबूल केलं नाही.

विमान खोकत, धूर सोडत, वाळू उडवत निघालं. उचललं. शेवरीच्या झाडाएवढं उंच गेलं, त्याहून वर गेलं. आणि तिथं, वरती, त्याचा आवाज साफ व्हायला लागला. कुणी हात न लावता. काळी तीन सुटली, सरकत सरकत पांढरी पाच लागली, आणि तिथंच राहिली. एक फेरी. दोन. दीड मिनिट होऊन गेलं. भाऊजी माझ्याकडे बघून ओरडले, "चाललंय का? वहिनी, चाललंय का?" मी मूठ वर केली आणि तशीच धरून ठेवली, सात मिनिटं.

नवमीला मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. भाऊजी डबा घेऊन धर्मशाळेच्या गच्चीवर उभे होते. मांडवातलं त्यांना दिसणार होतं, पण इंजिन ऐकू येणार नव्हतं. म्हणून कान म्हणून शेजारी धोंडिबा. त्यानं स्वतःच हट्ट धरला होता. "खोकला थांबला की सांगीन," म्हणाला.

बुवांनी अर्धा सूर खालून सुरुवात केली आणि साडेदहाच्या सुमारास बोट वर केलं. त्या दिवशी तो आवाज कुठून आला देव जाणे. दहा वर्षांपूर्वीचा गळा लागला होता. बारा वाजायला आले. बुवा जन्माशी आले. कौसल्या आली, सूर्य माथ्यावर आला, देव विमानात बसून अयोध्येवर आले. आणि पश्चिमेकडून, अगदी बारीक, पांढरी पाच ऐकू आली.

मी बुवांकडे बघितलं. बुवांचे डोळे मिटलेले होते.

वीस वर्षं मी त्यांच्या पायाशी बसून वाजवलं, आणि हे माझ्या ध्यानातच नव्हतं. जन्माच्या क्षणी मीही डोळे मिटते, तबलजीही मिटतात, सगळा मांडव मिटतो. आणि एकदा डोळे मिटले की बुवा पाळणा संपेपर्यंत उघडत नसत; टोपली डोक्यावर बसली तेव्हाही उघडले नव्हते. गालांवरून पाणी वाहत होतं, हात जोडलेले, आवाज षड्जावर स्थिर. विमान नदीवरून वळलं. पाव किलो पाकळ्या. सगळ्या मिळून दहा सेकंद.

हाक मारू? कीर्तनात उभ्या बुवांना? उपरणं ओढू? मांडवानं मला तिथंच गाडलं असतं. विमान मांडवावर आलं. सावली माझ्या हातांवरून गेली. वर गच्चीत धोंडिबाची आरोळी ऐकू आली, "सोडा! सोडा!"

पेटीवर माझी काळी एक दाबलेली होती. मी शेजारच्या पांढरी दोनवर अख्खा अंगठा ठेवला आणि भाता जोरानं ओढला.

काय घाण वाजली ती! म्हशीच्या शेपटीवर पाय पडावा तशी. तबलजींची थाप हवेत राहिली. पुढच्या रांगेतली एक बाई "अगं बाई!" म्हणाली. आणि बुवांचे डोळे खाडकन उघडले. चाळीस वर्षांच्या तपश्चर्येत कुणी असा खडा टाकला नव्हता. जळजळीत नजर सरळ माझ्यावर आली.

माझ्या आणि त्यांच्या मधून गुलाबाची एक पाकळी उतरत गेली.

बुवांची नजर तिच्या मागं खाली गेली. मग दुसरी आली, तिच्या मागं वर गेली. मान वर झाली. कापड गुंडाळलेल्या जागेतून निळं आकाश दिसत होतं आणि त्यातून झेंडू, गुलाब, जास्वंद, हेलकावत, वाऱ्यानं जराशी तिरपी होत, खरोखरीच्या वरून येत होती. एक पाकळी त्यांच्या उघड्या तोंडाशी आली. बुवा षड्ज विसरले, शब्द विसरले, पाळणा विसरले. दोन्ही हात पसरून ते लहान पोरासारखे उभे राहिले आणि म्हणाले, "आली! अगं, आली की!"

ते कीर्तनात नव्हतं. पण सगळा मांडव त्यांच्यामागून म्हणाला, "आली! आली!" आणि मग जयघोष झाला.

सगळं आटोपल्यावर गर्दी ओसरली. धोंडिबा भाऊजींना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न करत होता आणि भाऊजींना तो काय म्हणतोय ते ऐकू येत नव्हतं. बुवा पगडी मांडीवर ठेवून ओट्यावर बसले होते. पगडीत एक पाकळी होती, ती त्यांनी काढली नव्हती. मी पाया पडले.

"यमुताई," ते म्हणाले, "वीस वर्षांत तुमचा सूर कधी चुकला नाही. आज नेमकं काय झालं?"

"बोट घसरलं, बुवा."

त्यांनी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. "अंगठासुद्धा घसरला?"

"अंगठासुद्धा."

रामनवमीच्या दिवशी, देवळात, बुवांच्या तोंडावर मी धडधडीत खोटं बोलले. आणि मग जाऊन सुंठवडा दोनदा घेतला.